नकली सूर्याखाली रंग कुठे गेले?

कलाकार ओलाफुर एलियासन यांच्या ‘द वेदर प्रोजेक्ट’ या कलाकृतीचे फोटो ‘डोळ्यांना फसवणारी कला’ म्हणून अजूनही फिरत असतात. ऑक्टोबर २००३मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातल्या टर्बाइन हॉलमध्ये, म्हणजे जुन्या वीजकेंद्राच्या अवाढव्य दालनात, त्यांनी सूर्य उभारला होता. तो होता अर्धाच. उरलेला अर्धा छतावरच्या आरशात दिसायचा. लोक जमिनीवर उताणे पडून त्या आरशात स्वतःला शोधत. फसवणूक म्हणायची तर एवढीच.

रंग मात्र खरोखरच गेले होते. पिवळा आणि काळा, बाकी काही नाही. यात डोळ्यांची चूक नव्हती.

दिवे सोडियमचे, तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाच्या लहरीची लांबी, जवळपास एकच: ५८९ नॅनोमीटर. आपल्या दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यात, प्रकाश टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. पण एकट्या शंकुपेशीला रंग कळत नाही! फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, शोषला गेला की त्याची तरंगलांबी काय होती, ही माहिती तिथेच संपते. उरते ती फक्त संख्या. रंग ठरतो तिन्ही प्रकारांच्या संख्यांची तुलना करून. आता समजा, या प्रकाशात पांढऱ्या कागदाकडे पाहताना लांब तरंगांच्या पेशींनी ९० फोटॉन टिपले, मध्यम तरंगांच्या पेशींनी ६० आणि आखूड तरंगांच्या पेशींनी जवळजवळ शून्य. हिरवं पान यातला एक तृतीयांशच प्रकाश परतवत असेल, तर आकडे होतील ३० आणि २०. प्रमाण तेच, ३:२. लाल शाल घ्या, निळी पिशवी घ्या, प्रमाण हलत नाही. हलतो फक्त उजेड. म्हणून सगळं पिवळ्याच्याच फिक्या-गडद छटांत दिसतं. जी माहिती प्रकाशातच नाही, ती मेंदू कुठून आणणार?

रंगीत बाटलीत पाणी भरून, ते उन्हात ठेवून औषध म्हणून देणाऱ्यांनाही हेच सांगायला हवं. काच काही तरंगलांबी अडवते, काही सोडते. पाण्यात रंग साठत नाही, बरं करण्याची शक्ती तर नाहीच.

बी.एस्सी.ला न्यूटनची वलयं, म्हणजे भिंगाखाली दिसणारी प्रकाशाची वर्तुळं, पाहिलेल्यांना हा सोडियमचा दिवा ओळखीचा असेल. पुढच्या प्रॅक्टिकलला खोलीतले बाकीचे दिवे बंद करून त्याच्यासमोर रंगीत खडू धरून पाहा. आणि जमलं तर वर्णपटमापीतून, म्हणजे प्रकाश रंगांच्या पट्ट्यात (वर्णपटात) पसरवून दाखवणाऱ्या उपकरणातून, आकाशाचा उजेडही पाहा: खऱ्या सूर्याच्या वर्णपटात नेमक्या ५८९च्या आसपास दोन काळ्या रेषा दिसतील. सूर्याच्या वातावरणातलं सोडियम तिथला प्रकाश गिळतं. लंडनचा सूर्य तेवढ्याच पट्टीत तळपत होता.