गायजीसची अंगठी

माणसाने न्यायाने का वागावे, या प्रश्नाचा कस पाहणारी प्राचीन ग्रीक दृष्टांतकथा. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादग्रंथाच्या दुसऱ्या भागात ती येते. बलवानाचे हित म्हणजेच न्याय, असे ठणकावणाऱ्या थ्रॅसिमाकसला सॉक्रेटीस निरुत्तर करतो. पण प्लेटोचा भाऊ ग्लॉकन याचे तेवढ्याने समाधान होत नाही आणि तो ही कथा मांडतो.

गायजीस हा लिडियाचा, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या प्राचीन राज्याचा, राजा. त्याचा एक पूर्वज तिथल्या राजाची मेंढरे राखत असे. भूकंपाने जमीन दुभंगली, तेव्हा तो भेगेत उतरला. आत झरोके असलेला काशाचा पोकळ घोडा होता, घोड्यात धिप्पाड प्रेत आणि प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी. ती घालून तो मेंढपाळांच्या मासिक बैठकीला बसला. चाळा म्हणून अंगठीचा खडा तळहाताकडे फिरवला, तर तो स्वतःच कोणाला दिसेना. मग त्याने राजदरबारी जाणाऱ्यांत वर्णी लावून घेतली, राणीला वश केले, तिच्या साथीने राजाला मारले आणि राज्य बळकावले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने दिलेल्या गायजीसच्या हकिकतीत मात्र अंगठी नाही.

ग्लॉकन म्हणतो, अशी अंगठी सज्जनाला दिली तरी तोही हेच करील. त्याची पुढची मागणी याहून कठोर आहे आणि कथेचे खरे बळ तिथेच आहे. अन्यायी माणसाला न्यायी म्हणून लौकिक द्या. न्यायी माणसाची बदनामी होऊ द्या, त्याला फटके मारा, डोळे काढा, सुळावर चढवा. आता दोघांत सुखी कोण, ते सांगा. दुसरा भाऊ अडायमँटस पुस्ती जोडतो: वडीलधारी माणसे मुलांना न्यायाने वागायला सांगतात ते नाव होईल, अधिकारपद मिळेल, चांगली सोयरीक जुळेल म्हणून.

सॉक्रेटीसचे उत्तर चौथ्या भागात आकार घेते. विवेक, तेज (मानी, संतापी वृत्ती) आणि वासना या आत्म्याच्या तीन अंगांनी आपापले काम करणे आणि विवेकाने इतर दोहोंना आवरणे, हा न्याय. तो बिघडला की माणूस आतून फुटतो. नवव्या भागातला जुलमी सत्ताधीश सगळ्यांवर हुकूम चालवतो, पण स्वतःच्या वासनांचा गुलाम असतो आणि सतत भीतीत जगतो.

हे वर्णन मनाला पटते, तरी एक दुवा निसटलेलाच राहतो. मन शांत आणि सुसूत्र असलेला माणूस शेजाऱ्याची जमीन हडपणारच नाही, हे प्लेटो पुरेसे सिद्ध करत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ हॅरल्ड प्रिचर्ड यांचा आक्षेप याहून मूलगामी आहे. कर्तव्य हे कर्तव्य म्हणूनच बांधते, त्यात करणाऱ्याचा लाभ शोधणेच चूक, असे ते म्हणतात. त्यांचा मुद्दा वजनदार आहे. पण न्यायाने वागून ज्याच्या वाट्याला हालच आले, त्याचा प्रश्न या मुद्द्याने सुटत नाही.