खिचडी आधी, खेळ मागून

धारावीतली अंगणवाडी म्हणजे दहा बाय दहाची खोली. छताला टांगता वजनकाटा, दाराशी खिचडीचं पातेलं. खेळण्यांची पेटी कपाटावर, कारण 'पोरं मोडतात'. खोली अशी का दिसते, त्याचा धागा पार पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावापर्यंत जातो.

1945 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी तिथे काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. साधनं म्हणजे शिंपले, बिया, पानं. आणि भरपूर गाणी-गप्पा.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना देशातल्या 33 ठिकाणी सुरू झाली, त्यांत धारावी होती. केंद्रांना 'अंगणवाडी' हे नाव बोर्डीचं, भर मात्र आहारावर. पूर्वप्राथमिक शिक्षण कागदावर होतंच, पण वजन रकान्यात भरता येतं. बाळाशी कोण किती बोललं, हे कुठे लिहिणार?

पण त्या बोलण्याने फरक पडतो का, याचं उत्तर जमैकातून आलं. 1986-87 मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली 129 खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली, बाळं निवडली. काहींना दूध दिलं. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जाऊन आईला बाळाशी खेळायला-बोलायला शिकवायची. दोन वर्षं, बस्स. बाविशीत खेळवलेल्या मुलांची कमाई इतर खुरटलेल्या मुलांपेक्षा 25 टक्के जास्त निघाली. नुसत्या दुधाने कमाईत फरक पडला नव्हता.

आहाराखेरीज मुलांच्या शिकण्यावर परिणाम करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे गोंगाट. धारावीत अंगणवाडी आली त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रेल्वेरुळांलगतच्या एका शाळेचा अभ्यास छापून आला: रुळांकडच्या वर्गांतली मुलं वाचनात मागे, पलीकडची पुढे. रुळांखाली रबर आणि वर्गांना आवाज शोषणारं छत बसवल्यावर फरक मावळला. हार्बर लाइनला खेटून राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

2015 मध्ये अमेरिकेतल्या 1,099 मुलांच्या मेंदूचे एमआरआय तपासले गेले. घरचं उत्पन्न कमी तिथे मेंदूच्या बाह्यपटलाचं, म्हणजे बाहेरच्या थराचं, क्षेत्रफळ सरासरीने कमी. अगदी गरिबांत तर उत्पन्नातल्या थोड्या फरकानेही मोठी तफावत. पण हा सहसंबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. शिवाय सरासरी म्हणजे कुणा एका पोराचं भविष्य नव्हे. असा अर्थ काढणारे भेटतात, म्हणून सांगितलं.

2023 साली केंद्राने 'पोषण भी, पढाई भी' जाहीर केलं आणि अंगणवाडीत शिकण्या-खेळण्याला पुन्हा महत्त्व आलं. ताईंनी पेटी खाली काढली. आता पोरं भिंतीला टेकून, मांडीवरच ठोकळे रचतात. गोल धरून बसायला जागा नाही.