आयर्लंडमधील लोकोपचार

आयर्लंडच्या ग्रामीण भागात खोकला, चामखीळ, गालगुंड, दातदुखी अशा नेहमीच्या तक्रारींवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले उपचार. आयरिश लोकसाहित्य आयोगाने (स्थापना १९३५) १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांकरवी घरोघरच्या वडीलधाऱ्यांकडून जी माहिती लिहून घेतली, तिच्यात या उपचारांच्या असंख्य नोंदी असून तो संग्रह आता डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहे.

या परंपरेत औषधाइतकाच, किंबहुना अधिक, मान ते देणाऱ्याच्या अधिकाराला असतो. हा अधिकार काही घराण्यांत वारशाने येतो, तर काहींना जन्मानेच लाभतो : सातव्या मुलाचा सातवा मुलगा उपजत उपचारक मानला जातो आणि वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्याने तान्ह्या मुलाच्या तोंडात फुंकर घातल्यास तोंडातील पांढरा बुरशीसंसर्ग जातो, अशी समजूत आहे. उपचारकाने पैसे मागू नयेत हा सर्वसाधारण संकेत असून काही ठिकाणी रुग्णाने आभार मानणेही निषिद्ध असते.

डांग्या खोकल्यावरील उपाय विशेष चमत्कारिक आहेत. मुलाला गाढवाच्या पोटाखालून तीनदा काढत, किंवा पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्या अनोळखी स्वाराला उपाय विचारून तो सांगेल ते करीत. स्वाराला वैद्यकाचा गंध नसला तरी चाले. गालगुंड झालेल्या मुलाच्या डोक्यावर गाढवाची म्होरकी चढवून त्याला ओढ्यापर्यंत नेत. चामखिळीवर गोगलगाय घासून ती काट्याला टोचून ठेवीत व ती वाळेल तशी चामखीळही झडेल असे मानीत. वनौषधींचा भाग तुलनेने साधा आहे : रक्तशुद्धीसाठी मे महिन्यात तीनदा नेटल या अंगाला खाज आणणाऱ्या रानटी वनस्पतीची कोवळी पाने शिजवून खात आणि खोकल्यावर कॅरगीन हे समुद्रशेवाळ दुधात उकळून देत.

उत्तर आयर्लंडमधील फर्मानाह परगण्यातील बोहो येथे १८१५ साली वारलेल्या जेम्स मॅकगर या धर्मगुरूच्या थडग्याजवळची माती कापडात बांधून उशाखाली ठेवण्याची व नंतर जागेवर परत नेऊन टाकण्याची प्रथा आहे. २०१८ मध्ये स्वान्झी विद्यापीठातील संशोधकांनी त्या परिसरातील मातीतून स्ट्रेप्टोमायसीस वंशाचा एक जीवाणू वेगळा केला. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या काही रोगजंतूंची वाढ त्याने प्रयोगशाळेत रोखल्याचे दिसले. उशाखालच्या पुरचुंडीचा गुण मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.