आवाज-ओळख (सुरक्षा पडताळणी)

आवाज-ओळख : बोलणारा माणूस तोच आहे ना, हे त्याच्या आवाजावरून यंत्राने पडताळण्याची पद्धत. बोललेले शब्द टाइप करून देणारी सोय वेगळी. तिथे काय बोलले ते महत्त्वाचे, इथे कोण बोलले ते. फोनवर आईने नुसते "अरे" म्हटले तरी कोण बोलतेय ते कळते. घसा, नाक व तोंडाच्या पोकळ्यांची घडण आणि बोलण्याची लय यांचा आकड्यांत नमुना करून यंत्र तेच करते. या नमुन्याला आवाजाचा ठसा म्हणतात. अमेरिकी अभियंते लॉरेन्स कर्स्टा यांच्या १९६२ मधील, 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकातल्या लेखाने ही कल्पना गाजवली. शब्द मात्र फसवा आहे. बोटाचा ठसा रात्रीच्या जागरणाने बदलत नाही, आवाज बदलतो.

भारतात आयसीआयसीआय बँकेने २०१५ मध्ये फोन बँकिंगसाठी ही सोय आणली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली-महापेच्या कॉल सेंटरांत बसणाऱ्यांना तिचा फायदा लगेच पटेल. जन्मतारीख, आईचे माहेरचे आडनाव, शेवटचा व्यवहार ही प्रश्नांची सरबत्ती टळते. ग्राहकाला साधा फोन पुरतो, आणि दृष्टी अधू असलेल्यालाही अडचण येत नाही. घणसोली, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींत आणखी एक गोष्ट ध्यानात येते : वर्षानुवर्षे गोणी उचलून बोटांच्या रेषा झिजतात, तेव्हा अंगठ्याचे यंत्र पुन्हापुन्हा नकार देते. आवाज तसा झिजत नाही.

पण तो बसतो. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात सकाळभर ओरडून घसा बसलेल्या माणसाने दुपारी बँकेला फोन लावला, मागे टेम्पो रिव्हर्स घेत असला आणि वर पत्र्यावर पाऊस कोसळत असला, तर खऱ्या खातेदारालाही "ओळख पटली नाही" ऐकावे लागते. जुन्या फोन-जाळ्यातून आवाजाचा साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. ओळखीच्या कित्येक बारीक खुणा त्यातच गळतात. निकष सैल केला तर परका आत येतो, आवळला तर घरचाच बाहेर राहतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत.

खरी दुखरी नस वेगळीच. आवाज गुपित नसतो. ठाणे लोकलच्या डब्यात फोनवर बोलताना आपण तो शेजारच्या दहाजणांना ऐकवतो. २०१७ मध्ये बीबीसीच्या एका पत्रकाराच्या जुळ्या भावाने (दोघे हुबेहूब नसतानाही) ब्रिटनमधील एका बँकेची यंत्रणा फसवली. त्यासाठी भाऊ तरी लागला. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारे मॉडेल मांडले. तेवढा मजकूर व्हॉट्सॲपवरच्या "पोचलो रे, जेवून घे" एवढ्या निरोपातही असतो. पासवर्ड फुटला तर नवा घेता येतो. गळा कुठून बदलणार?

ध्वनिमुद्रण वाजवून फसवणूक होऊ नये म्हणून ऐन वेळी सुचवलेले आकडे म्हणायला लावतात. टेपवर हा उपाय चालतो, नक्कल-मॉडेलपुढे तोकडा पडतो. ते हवे ते आकडे बोलते. कृत्रिम आवाज पकडणाऱ्या प्रणालींची 'एएसव्हीस्पूफ' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१५ पासून भरते, तरी नक्कल आणि पकड यांची शर्यत चालूच आहे. त्यामुळे शिल्लक सांगण्यापुरता आवाज ठीक. नवा लाभार्थी (ज्याच्या खात्यात पैसे पाठवायचे तो) जोडायचा किंवा मोबाइल क्रमांक बदलायचा तर ॲपमधील मंजुरी किंवा पिन हवाच.