दौंडचा रेल्वे इतिहास

दौंड हे पुणे जिल्ह्यातले भीमेकाठचे तालुक्याचे गाव. पुण्यापासून रेल्वेने ते सुमारे ७५ किमी आहे. हा मुलूख एके काळी भीमथडीच्या तट्टांसाठी नावाजलेला होता. गेली सव्वाशे-दीडशे वर्षे मात्र दौंडचे नाव निघते ते जंक्शन म्हणून, आणि गावाचा संसारही बराचसा गाड्यांच्या थांब्यावर चालत आला आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वे १८५८ साली खंडाळ्याहून पुण्याला आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दौंडवरून डिकसळपर्यंत गेली. १८६० मध्ये तिने सोलापूर गाठले. गंमत अशी, की तेव्हा बोरघाट अजून फोडायचे कामच चालू होते. दौंडहून मुंबईला निघालेला प्रवासी खंडाळ्याला उतरे, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट उतरे आणि खोपोलीला पुन्हा गाडी धरी. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला, तेव्हा हा द्राविडी प्राणायाम संपला. डिकसळजवळचा भीमेवरचा जुना रेल्वेपूल पुढे उजनीच्या पाण्यामुळे मार्ग हलवल्यावर रस्त्याच्या वाहतुकीला मिळाला. १८७१ मध्ये रायचूरला हा मार्ग मद्रास रेल्वेला जोडला गेला, तरी दौंड हे अजून वाटेवरचे एक साधे स्थानकच होते.

त्याचे जंक्शन झाले ते मनमाडच्या फाट्यामुळे. जीआयपीचे दोन मुख्य मार्ग कल्याणला फुटत. एक थळघाट चढून उत्तरेकडे जाई, दुसरा बोरघाट चढून दक्षिणेकडे. उत्तरेचा माल दक्षिणेत न्यायचा तर एक घाट उतरा आणि दुसरा चढा, असा प्रकार होता. दौंड–मनमाड जोडमार्गाने हा वळसा वाचला. सोय व्यापाराची आणि लष्कराची होती. त्यासाठी लागणारे हात मात्र १८७६–७८ च्या दुष्काळाने पुरवले, कारण या मार्गाचे मातीकाम दुष्काळी काम म्हणून करून घेण्यात आले. १८७७ च्या सुरुवातीला हिंदुस्थान सरकारने दुष्काळाच्या पाहणीसाठी धाडलेल्या सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरची मजुरी कापली गेली. दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशोबावर खडी फोडणाऱ्याचे पोट भरेना. ठिकठिकाणी लोकांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याची कथा सांगताना इंजिनिअरांची नावे घेतली जातात, टोपल्या वाहणाऱ्यांची आठवण क्वचित निघते.

मनमाडचा फाटा स्थानकाच्या पुण्याकडच्या बाजूनेच निघतो. त्यामुळे पुण्याहून आलेली आणि मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला उलटी फिरवावी लागे. शंटिंगचा माणूस इंजिन आणि पहिल्या डब्याच्या मध्ये शिरून होज पाइप काढी, कपलिंग सोडी. सुटे झालेले इंजिन शेजारच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला येई, तिथे पुन्हा जोडणी होऊन ब्रेकचा दाब तपासला जाई, मग सिग्नल मिळे. झेलम, आझाद हिंद, गोवा एक्सप्रेस या गाड्यांच्या प्रवाशांना हा मुक्काम पाठ असे. पुण्याहून गाडीच्या दिशेने तोंड करून बसलेला माणूस नगरला पाठमोरा पोहोचे. तेवढ्या वेळात फलाटावर चहा-वडापाववाल्यांचा धंदा होऊन जाई. गाड्यांचे चालक आणि गार्ड इथे बदलत, म्हणून त्यांच्या विश्रांतीची रनिंग रूम आली, लोको शेड आले, रेल्वेच्या चाळी आणि बंगले उभे राहिले. अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती झाली. आसपासच्या बागायती खेड्यांत नसलेली अशी मिश्र वस्ती दौंडला रेल्वेनेच दिली.

बारामतीचा फाटा १९१४ चा. हा अडीच फुटी नॅरोगेज मार्ग सुमारे ४३ किमी लांबीचा होता. निरेच्या डाव्या कालव्यावर ऊस वाढला होता आणि बारामतीची गुळाची पेठ नावारूपाला आली होती. गेज वेगळे असल्याने बारामतीचा माल दौंडला एका वाघिणीतून दुसरीत चढवावा लागे, म्हणजे हमालांना आणखी एक काम. पुढे या फाट्याचे ब्रॉडगेज झाले.

अलीकडे मनमाडच्या फाट्याला पुण्याच्या मार्गाशी थेट जोडणारी कॉर्ड लाइन झाली आणि इंजिन फिरवण्याची गरज संपली. या गाड्या आता मुख्य स्थानकात न येता ‘दौंड कॉर्ड लाइन’ या निराळ्या थांब्यावरून जातात. रेल्वेचा वेळ वाचला, हे खरेच. मात्र मुख्य फलाटावरच्या विक्रेत्यांची गिऱ्हाइके त्याच गाड्यांबरोबर गेली आणि रात्री-अपरात्री उतरणाऱ्याला गावात यायला रिक्षा शोधावी लागते.

२०१७ मध्ये पुणे–दौंड मार्गाचे विद्युतीकरण झाले. तरी त्यावर विजेच्या उपनगरी लोकलऐवजी डेमू, म्हणजे डिझेलवरच्या गाड्या, धावू लागल्या. केडगाव, यवत, उरुळीचे पासधारक याच गाड्यांनी रोज पुण्याला नोकरीला, कॉलेजला जातात आणि लोकलची मागणी लावून धरतात. दौंड पुणे जिल्ह्यात असले तरी रेल्वेच्या हिशोबी ते दीर्घकाळ सोलापूर विभागात होते. त्यामुळे पुण्याच्या गाडीबद्दलची तक्रार सोलापूरला न्यावी लागे. २०२४ मध्ये ते पुणे विभागात आले.