किरचॉफच्या नावाचा पुरस्कार

इलेक्ट्रॉनिक सर्किट आणि सिस्टिम यांच्या पायाभूत संशोधनासाठी आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने २००३ साली एक पुरस्कार सुरू केला आणि त्याला जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव किरचॉफ यांचं नाव दिलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ‘केसीएल-केव्हीएल’ (किरचॉफचे विजेच्या धारेचा आणि दाबाचा असे दोन नियम) घोकलेल्या कुणालाही हे नाव नवं नाही.

पण हे नियम मांडले तेव्हा किरचॉफ स्वतःच विद्यार्थी होते, वय २१. साल १८४५, गाव प्रशियातलं कोनिग्सबर्ग, म्हणजे आजचं रशियातलं कालिनिनग्राड. त्यांच्या निबंधाचा विषय होता तांब्याच्या गोल चकतीतून वीज कशी पसरते. सर्किटचे दोन नियम आले ते निबंधाच्या शेवटी, जोड दिल्यासारखे. तारांच्या जोडापाशी जेवढी धारा येते तेवढीच तिथून निघते; आणि बंद वाटेने फेरी मारून मूळ जागी आलं की विजेच्या दाबातल्या (व्होल्टेजमधल्या) चढ-उतारांची बेरीज शून्य होते. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून ५२ वर्षं होती! आज त्या चकतीची आठवण फारशी कुणी काढत नाही.

मला त्यांचा १८४७ चा निबंध जास्त मोलाचा वाटतो. तारांचं जाळं कितीही गुंतागुंतीचं असलं तरी नेमकी किती समीकरणं पुरतात, हे त्यांनी त्यात दाखवलं. त्यासाठी त्यांनी जाळ्यातून एकही बंद फेरा नसलेली ‘झाडं’ वेगळी काढली. ज्या कोनिग्सबर्गच्या सात पुलांच्या कोड्यातून (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का?) गणितज्ञ ऑयलरने १७३६ मध्ये आलेखशास्त्राची, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणिताची, सुरुवात केली, त्याच गावच्या मुलाने ते शास्त्र विजेच्या तारांना लावलं. पुढे हायडेलबर्गला रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनसोबत किरचॉफ यांनी सीझियम आणि रुबिडियम ही मूलद्रव्यं शोधली, तो भाग निराळा.

किरचॉफच्या नावाचा पहिला पुरस्कार २००५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या लिऑन चुआ यांना मिळाला. कारण नॉनलिनिअर सर्किटचा (ज्यात दाब आणि धारा सरळ प्रमाणात बदलत नाहीत अशा सर्किटचा) सिद्धांत, आणि ‘चुआ सर्किट’. मोजक्या सुट्या भागांचं हे सर्किट साधं दिसतं, पण त्यातली धारा स्वतःची चाल कधीच तंतोतंत गिरवत नाही. रोधक (रेझिस्टर), धारित्र (कपॅसिटर) आणि प्रवर्तक (इंडक्टर) या सर्किटच्या मूळ घटकांच्या पंक्तीला चौथा घटक असायलाच हवा, हेही चुआंनी १९७१ मध्येच कागदावर मांडलं होतं. नाव ठेवलं मेमरिस्टर, म्हणजे आधी वाहिलेली धारा ‘लक्षात ठेवणारा’ रोधक. एचपी या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेने तो प्रत्यक्ष केल्याचं २००८ मध्ये जाहीर केलं. तोवर पुरस्कार मिळून तीन वर्षं झाली होती.