ब्राउनीतलं चॉकलेट: ७० टक्के म्हणजे नक्की कशाचे?

डार्क चॉकलेटचा एक तुकडा तोडा, जिभेवर ठेवा आणि चावायचा मोह आवरा. थोड्याच वेळात त्याच्या कडा बोथट होतात, खालची बाजू सुटू लागते आणि जिभेला किंचित गार वाटतं. हा गारवा भास नाही. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सियसला, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाच्या जरासं खाली वितळतं आणि वितळायला लागणारी उष्णता ते जिभेकडूनच घेतं. आता कंपाउंड चॉकलेट तसंच चाखून बघा. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पतिजन्य फॅट असतं. ते बरेचदा तोंडात पूर्ण विरघळत नाही, टाळूला मेणचट थर धरून बसतं. बेक केल्यावर हा थर कुठे जात नाही; ब्राउनी खातानाही तो जाणवतो. म्हणून चॉकलेट घेताना मी आधी वेष्टनामागची घटकांची यादी वाचते. फॅट म्हणून कोको बटर लिहिलेलं असेल तरच पुढचा विचार.

मग येतो टक्क्यांचा आकडा. तो पुष्कळ जण कडूपणाचं माप म्हणून वाचतात. खरं तर ७० टक्के म्हणजे त्या वडीतला ७० टक्के भाग कोकोच्या बियांमधून आलेला आहे, एवढंच. त्यात कोको बटरही आलं आणि तपकिरी, कडसर कोरडा कोकोही. उरलेल्या ३० टक्क्यांत जवळजवळ सगळी साखर. बटर किती आणि कोरडा कोको किती, हे तो आकडा सांगत नाही. पण ते काढता येतं. दूध नसलेल्या ७० टक्क्यांच्या वडीवर १०० ग्रॅममागे ४२ ग्रॅम फॅट लिहिलं असेल, तर कोरडा कोको उरला सुमारे २८ ग्रॅम. दुसऱ्या ७० टक्क्यांच्या वडीत फॅट ३६ ग्रॅम असेल, तर कोरडा कोको ३४. कोरडा कोको पाणी शोषून घेतो, त्यामुळे दुसऱ्या वडीचं मिश्रण घट्ट होतं आणि चवही जास्त गडद लागते. आकडा तोच, ब्राउनी मात्र वेगळी.

साखरेचा हिशोब तर याहून महत्त्वाचा. रेसिपीत २०० ग्रॅम चॉकलेट आहे आणि ती ५० टक्क्यांच्या चॉकलेटसाठी लिहिली आहे, असं धरू. त्यातून १०० ग्रॅम साखर येते. तुम्ही हौसेने ७० टक्क्यांचं वापरलंत, तर येते ६० ग्रॅम. चाळीस ग्रॅम साखर गायब झाली! ब्राउनीत साखरेचं काम गोडीपुरतं नसतं. ती पाणी धरून ठेवते, अंड्यातलं प्रथिन आणि मैद्यातला स्टार्च घट्ट व्हायला उशीर लावते आणि वरचा तो कागदासारखा पातळ, चकाकणारा पापुद्राही तिच्यामुळेच येतो. ती कमी पडली की आतला ओलसर, चिकट गाभा कोरडा पडतो, पापुद्रा येत नाही आणि आपण ओव्हनला दोष देत बसतो. तेव्हा टक्के बदलायचे असतील तर कमी झालेली साखर वरून घाला. घरच्या ब्राउनीला मला ५५ ते ६५ टक्क्यांचं चॉकलेट सगळ्यात जुळतं. ८५ च्या पुढचं खायला मला आवडतं, पण ब्राउनीत मी ते घालत नाही.

मिल्क चॉकलेटमध्ये कोको कमी, दूध आणि साखर जास्त. व्हाइट चॉकलेटमध्ये तर कोरडा कोको नसतोच. दोन्ही तुकडे करून वरून घालायला छान. चॉकलेट चिप्सही तशाच घालाव्यात. ओव्हनमध्ये आकार टिकावा म्हणून त्यांत बहुधा कोको बटर कमी ठेवलेलं असतं, त्यामुळे वितळवल्या की त्या दाट, जड होतात.

कोको पावडरच्या ब्राउनीला कमी लेखू नका. १८२८ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हॅन हौटेन यांनी कोकोतलं बटर दाबून काढणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं आणि मागे उरलेल्या पेंडीची पावडर घराघरांत पोचली. पावडरमध्ये कोको बटर थोडंच असल्याने अशा ब्राउनीत मुख्य फॅट असतं ते आपण घातलेलं लोणी किंवा तेल. कोको बटर थंडीत कडक होतं, ही फॅट्स त्यामानाने मऊ राहतात. म्हणूनच चॉकलेटची ब्राउनी फ्रिजमध्ये ठेवली की फजसारखी दाट होते आणि पावडरची मऊच राहते. रेसिपीत फक्त खायचा सोडा असेल तर साधी, आंबटसर पावडर घ्या. डच पावडरचा आम्लपणा अल्कलीने आधीच घालवलेला असतो, त्यामुळे सोड्याला हवं ते आम्ल मिळत नाही.

एकदा घाईत मी वितळत्या चॉकलेटमध्ये ओला चमचा घातला. गुळगुळीत, चमकदार चॉकलेट बघता बघता रवाळ गोळा झालं. वितळलेलं चॉकलेट म्हणजे फॅटमध्ये तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. दोन थेंब पाण्याने साखरेचे कण चिकट होतात आणि एकमेकांना धरतात, ओल लागलेल्या डब्यातल्या साखरेसारखे. गंमत म्हणजे यावर उपाय पाणीच. गरम पाणी चमचाचमचा घालून ढवळत राहिलं की साखर विरघळते आणि मिश्रण पुन्हा सैल होतं, फक्त मग ते पातळ सॉससारखं वापरावं लागतं.

आणि कपाटात मागे राहिलेली, वर पांढुरकी झाक आलेली वडी टाकून देऊ नका. ती बुरशी नव्हे. बहुतेक वेळा कोको बटर वितळून पृष्ठभागावर पुन्हा गोठलेलं असतं. नुसती खायला ती भुसभुशीत लागेल. पण ब्राउनीसाठी आपण चॉकलेट वितळवणारच असतो आणि वितळताना ते जुने स्फटिक मोडून जातात. वास घेऊन बघा. खवट येत नसेल तर ती सरळ पातेल्यात घाला.